पाठीवरची बंदूक

धामणखेडच्या शाळेसमोर कॅप्टन प्रेमानंद झनके यांचा पुतळा बसवायचा, असा ठराव ग्रामसभेत झाला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. प्रेमानंदच्या आईने, बेबीताईंनीही वाजवल्या. टाळ्या थांबल्यावर सरपंच गजेंद्र पुन्हा उभा राहिला आणि म्हणाला, "अन् आणखी एक खुशखबर. सव्वीस जानेवारीले अनावरण करायले सुभेदार भगवानराव शेळके येऊन राह्यले. साहेबाच्या तुकडीतलेच हायेत. शेवटच्या टायमाले साहेबाच्या बाजूलेच होते म्हणतात. सारं डोळ्यानं पाह्यलेला माणूस!"

पुन्हा टाळ्या पडल्या. या वेळी बेबीताईंचे हात मांडीवरून उचलले गेले नाहीत.

या माणसाचं नाव त्यांना आज कळलं. पण असा कोणीतरी असणार हे त्यांना ठाऊक होतं, आणि इतकी वर्षं त्या त्याला टाळत आल्या होत्या. पलटणीतून दर वर्षी बोलावणं येई. दर वर्षी बेबीताईंचे गुडघे दुखत. खरं सांगायचं तर त्या गुडघ्यांवर बेबीताई अजून सकाळपासून दुपारपर्यंत कापूस वेचू शकत होत्या.

नव्याण्णव साली वर बर्फाच्या डोंगरांत लढाई झाली, तीत प्रेमानंद गेला. तो इंजिनिअर तुकडीत होता. तिरंग्यात गुंडाळलेली पेटी आली तेव्हा मलकापूरपासून धामणखेडपर्यंत रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं उभी होती. गाव महिनाभर मान ताठ करून चाललं. मग शेजारच्या गावचा एक जवान सुटीवर आला. डोंगरावरून माणसं खाली आणणाऱ्यांमध्ये तो होता. चहाच्या टपरीवर कोणी विचारलं, तर त्याने जे पाहिलं होतं ते सांगितलं. साहेब पालथे सापडले. जखमा साऱ्या पाठीत. बंदूक पाठीलाच अडकवलेली, तिच्यातली एकही गोळी उडालेली नव्हती.

बिचाऱ्याने यात पदरचं काही घातलं नाही. घातलं ते ऐकणाऱ्यांनी. आपल्याकडे शूराची खूण एकच, वार छातीवर. पाठीत वार म्हटलं की पुढचं कोणाला सांगावं लागत नाही. ज्याच्या त्याच्या डोळ्यांपुढे पळणारा माणूस आपोआप उभा राहतो.

मोठ्याने कोणी बोललं नाही. पण बेबीताई हापशीवर गेल्या की बायकांचं बोलणं मध्येच तुटे आणि कोणीतरी उगाचच हवापाण्याचं काढी. त्या गप्पांचं तोंड बंद केलं ते उत्तमराव पाटलांनी. प्रेमानंदला जाऊन वर्ष झालं, त्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना झाली, भंतेजी बोलले, आणि मग पाटील कोणी न बोलावता उठले. गावाच्या या टोकाला बोलले तर त्या टोकाला ऐकू जाईल असा त्यांचा आवाज. "पोट्ट्यानं पडाच्या आधी पाच लोळवले! पाच!" त्यांनी मूठ आपटून सांगितलं. हे त्यांना कोणी सांगितलं, असं विचारायची कोणाची छाती झाली नाही, आणि तशी इच्छाही नव्हती. गावाला ती गोष्ट हवीच होती. पुढे दर सव्वीस जानेवारीला पाटील ती सांगत गेले आणि शत्रूही वाढत गेले. पाचाचे सात झाले, साताचे नऊ. आता बरीच वर्षं ते अकरावर थांबले होते.

बेबीताईंना पहिल्या दिवसापासून कळत होतं, की ही गोष्ट पाटलांनी आपल्या मनाने रचली आहे. भिंतीवर सरकारी मानपत्र होतं. मुलगी सुवर्णा मलकापूरच्या शाळेत शिक्षिका, तिने ते इंग्रजीतून वाचून सांगितलं होतं. "जिवाची पर्वा न करता सुरुंग काढून वाट मोकळी केली, असं लिहिलंय आई." बेबीताई मान हलवत. पण मेलेल्या माणसाबद्दल वाईट कोण लिहितं? कागद साऱ्यांनाच चांगला देत असतील. आपला प्रेमा पळाला असेल असं त्यांना वाटत नव्हतं. पण माहीत नव्हतं. आणि विचारायला जावं तर जे कळेल ते परत देता येणार नव्हतं.

आता तोच सांगणारा गावात येणार होता. माईकवर बोलणार होता.

दुसऱ्या दिवशी त्या ग्रामपंचायतीत गेल्या. गजेंद्र फोनवर मंडपवाल्याशी भांडत होता. त्यांना पाहून त्याने खुर्ची पुढे सरकवली.

"या ना बेबीमाय. चहा सांगू?"

"चहा नाही लागत. गजेंद्रा, ते सुभेदार… त्याईले कायले तरास देता बाप्पा? इतक्या दुरून येतीन."

"तरास कायचा? मी फोन केला तं रडले ना ते. म्हणे, मी पायी येतो."

"उद्घाटन उत्तमराव पाटलाच्या हातानं करा."

"पाटील तं बोलतातच दर सालाले. पाटलाचं भाषण आता बैलाईलेही पाठ झालं." गजेंद्र हसला, मग थांबून त्याने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "काऊन बेबीमाय? काही झालं काय?"

"काही नाही. गुडघे दुखून राह्यले," बेबीताई म्हणाल्या आणि उठल्या.

म्हणजे आता एकच मार्ग राहिला. त्या माणसाला गावाच्या आधी आपण गाठायचं आणि हात जोडून सांगायचं, की भाऊ, जे पाहिलं ते पोटात ठेवा.

पंचवीस तारखेला सकाळी त्या सुवर्णाला घेऊन मलकापूर स्टेशनवर गेल्या. गाडीतून पांढऱ्या मिशांचा उंच म्हातारा उतरला. अंगात कोट, कोटावर पदकं, आणि डाव्या हाताला अंगठा आणि करंगळी एवढीच. त्याने कोणाला काही विचारलं नाही. गर्दीतून सरळ बेबीताईंपाशी आला आणि वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

"तुमी मले कसं वळखलं?" बेबीताईंनी विचारलं.

"नाक, आई," तो म्हणाला. "साहेबांचं नाक."

रिक्षात बोलता येईना, कारण रिक्षावाला आरशातून पदकं बघत होता आणि "काका, बॉर्डरवर मोबाइलले रेंज येते काय?" असं विचारत होता. धामणखेडला घरी पोचल्यावर बेबीताईंनी पाणी दिलं, खाट अंगणात टाकली, आणि सुवर्णा आत चहाला गेली तेव्हा त्या एका दमात बोलल्या.

"भाऊ, तुमी मोठे माणूस. उद्या माईकवर चार चांगले शब्द बोला. पण तो कसा पडला ते नका सांगू. मले मालूम हाय. पालथा होता. पाठीत लागलं होतं. बंदूक चालवली नव्हती त्यानं. सव्वीस वर्षाचं लेकरू होतं. भेलं असन. मी त्याले नाव नाही ठेवत. पण गावाले नका सांगू."

भगवानराव काही क्षण त्यांच्याकडे नुसते बघत राहिले. चूक आपल्या ऐकण्यात आहे की त्यांच्या बोलण्यात, हे जणू त्यांना ठरवता येईना.

"हे तुम्हाला कोणी सांगितलं, आई?"

"खोटं हाय काय?"

"नाही. सगळं खरं आहे."

बेबीताईंनी डोळे मिटले.

"सगळं खरं आहे, पण ते असं नाही." भगवानराव उठले. इकडे तिकडे पाहिलं. कोपऱ्यात मोडक्या छत्रीची एक काडी पडली होती, ती उचलली. मग कोट काढून खाटेवर ठेवला आणि पासष्टीच्या पुढचा तो माणूस सारवलेल्या अंगणात सरळ पालथा झोपला. चहा घेऊन बाहेर आलेली सुवर्णा दारातच थांबली.

"बघा, आई. आमचं काम असं असतं." त्यांनी उजव्या हाताने काडी तिरपी धरून जमिनीत हळूच खुपसली, काढली, दोन बोटं सोडून पुन्हा खुपसली. डाव्या हाताचा उरलेला पंजा पुढची माती चाचपत होता. "सुरुंग जमिनीत असतो. त्याच्या डोक्यावर दाब आला की तो उडतो. म्हणून वरून टोचायचं नाही, तिरपं, त्याच्या कुशीत टोचायचं. सळई अडली की हाताने माती काढायची. हे काम उभ्याने होत नाही, बसून होत नाही. पोटावर पडूनच पुढं जायचं. आता सांगा, आकाशातून काही पडलं तर माझ्या कुठं लागेल?"

बेबीताईंनी त्या म्हाताऱ्याच्या पाठीकडे पाहिलं. सदऱ्यावर घामाचा डाग होता. दुपारचं ऊन सगळं त्या पाठीवरच पडलं होतं.

त्या मटकन खाली बसल्या. मग म्हणाल्या, "उठा भाऊ. थंड हाय जमीन." आणि लगेच, "नाही. आधी सारं सांगा. काही सोडू नका."

भगवानरावांनी उठून माती झटकली, चहाचा कप हातात घेतला आणि तो तसाच निववला.

"साहेब हळू होते," त्यांनी सुरुवात केली.

"हो!" बेबीताई आणि सुवर्णा एकदमच म्हणाल्या.

हे सांगायची गरजच नव्हती. प्रेमानंदला हरभऱ्यातले खडे निवडायला बसवलं तर सूर्य मावळे, पण मग त्या हरभऱ्यात दाताखाली काही येत नसे. त्याचे वडील कचरू म्हणत, "या पोट्ट्याले काम देलं का बाकीचे करून घरी जातात अन् हा अजून पाहूनच राह्यते." मलकापूरला कॉलेज, शेगावला इंजिनिअरिंग, आणि मग एक दिवस खांद्यावर चांदण्या लावून तो दारात उभा राहिला, तरी चाल तीच. सुटीवर आला की लढाईच्या गोष्टी ऐकायला पोरं जमत. हा त्यांना काही न सांगता शाळेची बंद पडलेली हापशी दिवसभर उलगडत बसे.

"आम्ही म्हणायचो, साहेब, जरा चटचट," भगवानराव म्हणाले. "तर ते म्हणायचे, ‘भगवान, आपल्या मागून शंभर माणसं येणार आहेत. आपण केलेली घाई त्यांच्या पायाखाली येईल.’"

मग त्यांनी त्या सकाळचं सांगितलं. वर डोंगराच्या कण्यावर शत्रूचं ठाणं होतं. खाली पायदळाची कंपनी दबा धरून बसलेली. मध्ये उघडा उतार, आणि त्या उतारात सुरुंग पेरलेले. पहाटेपासून ढग असा उतरला होता की स्वतःचा पसरलेला हात दिसू नये. तो ढग होता तोवरच काम होणार होतं. ढग आहे तोवर वाट काढायची, ढग आहे तोवर पायदळ वर न्यायचं.

"एरवी आम्ही साफ केलेल्या वाटेला पांढरी पट्टी लावतो. तिच्या आत पाय ठेवायचा, बाहेर नाही. पण आता खाली पांढरा बर्फ, वर पांढरा ढग. पांढरी पट्टी दिसणार कोणाला? कंपनीचा मेजर कपाळाला हात लावून बसला. साहेब म्हणाले, डोळ्यांना दिसत नसेल तर हाताला दिसू दे. त्यांनी तंबूच्या दोऱ्या मागवल्या, एकीला एक जोडल्या. एक घोंगडी फाडून चिंध्या केल्या आणि पावलापावलावर दोरीला चिंधी बांधली. जवानांना सांगितलं, दोरी हातातून सोडायची नाही. चिंधी हाताला लागली की तिच्या खाली पाऊल. मध्ये कुठंही नाही. आई, मी बावीस वर्षं नोकरी केली, पण अशी युक्ती पुस्तकात पाहिली नाही. मी विचारलं, साहेब, हे कोणत्या ट्रेनिंगमध्ये शिकवलं? तर म्हणाले, ‘बेबीताई झनके यांच्या वावरात.’"

बेबीताईंच्या हातातला पदर तोंडाकडे गेला.

सरकी टोबायला वावरात या बांधापासून त्या बांधापर्यंत दोरी ताणायची. दोरीला ठरावीक अंतरावर चिंध्या. जिथे चिंधी तिथे सरकी टाकायची आणि पायाने माती लोटायची, म्हणजे कपाशी ओळीत उगवते आणि आडवं-उभं दोन्हीकडून डवऱ्याने कोळपता येते. त्या चिंध्या बांधायचं काम लहानपणी प्रेमाचं. तो इतक्या सावकाश बांधी की बायका ओरडत, "अरे लेका, पेरणी याच सालची हाय ना!"

"ते म्हटलं त्यानं?" बेबीताईंनी विचारलं. "माह्यं नाव घेतलं?"

"पूर्ण नाव घेतलं. आडनावासकट."

सुवर्णा आत जाऊन डोळे पुसून आली. भगवानराव पुढे बोलू लागले. आता त्यांचा आवाज सपाट झाला होता, कागद वाचून दाखवावा तसा.

"साहेब पुढे, मी मागे दोरी सोडत. वर पोचलो. दोरीचं खालचं टोक खडकाला बांधलेलं होतं. वरचं बांधायला काही मिळेना. सगळा भुसभुशीत दगड, हात लावला की निसटे. आणि दोरी ताठ नसेल तर उतारावर सरकणार. ती सरकली की चिंधी वाटेवरून सुरुंगावर जाणार. साहेबांनी दोरीचे वेढे दोन्ही मनगटांना घेतले, दोन मोठ्या शिळांच्या फटीत खांदे रोवले आणि पालथे पडून राहिले. म्हणाले, ‘चालू दे.’ मी दोरीला झटका दिला. पायदळ चढायला लागलं. निम्मी कंपनी वर आली असेल, आणि ढग फाटला."

त्यांनी कप खाली ठेवला. गल्लीतून कोणीतरी सायकलवर गेलं.

"शत्रूने आम्हाला पाहिलं. तोफगोळे यायला लागले. एक गोळा आमच्या मागे पडला. माझी ही बोटं तेव्हाच गेली. त्याचे तुकडे साहेबांच्या पाठीत शिरले. मी सरपटत त्यांच्याजवळ गेलो. म्हटलं, साहेब, सोडा, मी धरतो. त्यांनी मान वळवून माझ्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘कशाने धरशील, भगवान?’ हसले, आई. खरंच हसले. म्हणाले, ‘तू मोज, किती राहिले.’ मी मोजत राहिलो. माणसं आमच्या अंगावरून वर जात होती. शेवटचा गेला तेव्हा मी सांगितलं, साहेब, झाले. त्यांनी ऐकलं की नाही, मला माहीत नाही. ठाणं पडलं. संध्याकाळी त्यांच्याजवळ गेलो तेव्हाही दोरी ताठ होती; ती आम्ही मनगटांवरून सोडवली, त्यांना खाली नेणारी माणसं नंतर आली. त्या वाटेवर सुरुंगाने एकाही माणसाचा पाय गेला नाही. मीच सांगतो आहे असं नाही, आमच्या पलटणीतलं कुठलंही पोर सांगेल. तुम्ही कधी आलाच नाहीत."

बेबीताई रडल्या नाहीत. त्या उठल्या, आतून भाकरी-पिठल्याचं ताट आणून भगवानरावांपुढे ठेवलं आणि समोर बसून ते सारं खाऊन होईपर्यंत वारा घालत राहिल्या. जानेवारीत वाऱ्याची काही गरज नव्हती.

जेवण झालं आणि बेबीताईंना एकदम आठवलं. उद्या आधी उत्तमराव पाटील बोलणार. मूठ आपटून अकरा लोळवणार. आणि त्यांच्या मागून हा माणूस उभा राहून खरं सांगणार. साऱ्या गावासमोर पाटील खोटे पडतील. ज्या माणसाने इतकी वर्षं आपल्या पोराची लाज राखली, त्याची लाज आपल्याच अंगणातून जाणार.

ऊन उतरता उतरता त्या पाटलांच्या घरी गेल्या. उत्तमराव ओसरीवर बसून उद्याचा फेटा बांधून बघत होते. त्यांच्या बायकोने, पुष्पाबाईंनी आरसा धरला होता.

"या बेबीताई! कसा दिसते?"

"चांगला दिसते. पाटील, थोडं बोलाचं होतं."

त्यांनी सगळं सांगितलं. काडी, दोरी, चिंध्या, ढग. पाटील फेट्याचं टोक हातात धरून ऐकत राहिले. पुष्पाबाईंनी आरसा कधी खाली ठेवला ते त्यांनाही कळलं नाही.

"म्हणजे," पाटील अखेर म्हणाले, "एकही नाही मारला?"

"एकही नाही."

"मी तं अकरा सांगून राह्यलो!"

"आधी पाचच होते," पुष्पाबाई म्हणाल्या. "सहा तं तुमीच मारले, इथं ओसरीवर बसून."

"तू गप बस व!" पाटलांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. मग खालच्या आवाजात, "बेबीताई, तुले मालूम होतं मी मनचं सांगतो म्हणून?"

"हाव. पहिल्या दिवसापासून."

"अन् बोलली नाहीस."

"कोणत्या तोंडानं बोलू? तुमी माह्या लेकराच्या पाठीवर पांघरूण घालून राह्यले होते."

पाटलांनी समोरच्या गोठ्याकडे पाहिलं. "मंग उद्या मी नाही बोलत. त्या सुभेदाराले बोलू दे. मी घरीच राह्यतो. ताप आला म्हनून सांग, पुष्पे."

"नाही," बेबीताई म्हणाल्या. "तुमीच बोला. सुभेदार पाव्हणे हायेत. आज हायेत, उद्या जातीन. गाव तुमचं आयकते. तुमी अकरा म्हटलं तं अकरा मानले त्यानं. आता खरं सांगा, तेही मानंन."

"इतक्या वर्षाचं एका दिवसात फिरवू कसं?"

"ते तुमाले येते," पुष्पाबाई म्हणाल्या. "एवढ्या निवडणुका लढल्या ते कायच्या भरोशावर?"

सव्वीस तारखेला झेंडावंदन झालं. मग भगवानरावांनी दोरी ओढली आणि पुतळ्यावरचं कापड खाली आलं. खामगावच्या मूर्तिकाराने काम जीव ओतून केलं होतं. कॅप्टन प्रेमानंद झनके एक पाय पुढे टाकून, दोन्ही हातांनी बंदूक उगारून उभा होता. गावाने जयघोष केला. बेबीताईंनी वर पाहिलं. हात त्याचे नव्हते. नाक मात्र बरोबर जमलं होतं.

उत्तमराव माईकपाशी आले. पुढे बसलेली शाळेची पोरं सवयीने सावरून बसली आणि एकमेकांना कोपराने ढोसू लागली. आता "अकरा" येणार होतं.

"ते अकरा इसरा," पाटील म्हणाले.

मंडपात चुळबुळ झाली.

"मारनं कायचं मोठं हाय? माणूस मारायले एक बोट पुरते. मी आज तुमाले सांगतो का आपल्या पोट्ट्यानं शंभर माणसं जिती कशी नेली. शंभर! मोजून! मोजणारा हा इथं बसला हाय." त्यांनी भगवानरावांकडे हात केला. भगवानरावांनी उभं राहून सलाम केला, आणि पाटलांना सूर सापडला. ढग आला, बर्फ आला, सुरुंग आले. दोरी आली तेव्हा पाटील चांगलेच रंगात होते. "दोरी कशी? हजार हात लांब! अन् अशी ताणली का तिच्यावर माणूस चालावा!"

भगवानराव खुर्चीत अस्वस्थ हलले. "तिच्यावर नाही," ते हळूच पुटपुटले.

"हजार हात!" पाटलांनी पुन्हा सांगितलं.

तेवढ्यात मागच्या रांगेतून आवाज आला. शेखर उभा होता, गेल्या निवडणुकीत गजेंद्रकडून पडलेला. "पाटील, एक इचारू? तुमीच आजवर सांगत होते का साहेबानं बंदूक चालवली. पुतळ्याच्याही हातात बंदूक हाय. आता म्हणता दोरी होती. मंग बंदूक कुठं होती?"

मंडपातल्या माना शेखरकडे वळल्या. चाळिशीच्या पुढच्या प्रत्येकाला टपरीवरचं ते बोलणं आठवत होतं, आणि शेखरलाही आठवत होतं. पाटलांनी तोंड उघडलं. गावाने पहिल्यांदाच पाहिलं, की पाटलांना शब्द सापडत नाही. ते खोटं बोलू शकले असते. कालपर्यंत त्यांनी तेच केलं होतं. पण आज त्यांनी फक्त बेबीताईंकडे पाहिलं.

भगवानराव उठायला लागले. बेबीताईंनी त्यांच्या तुटक्या पंजावर हात ठेवून त्यांना बसवलं आणि स्वतः उठल्या. पाटलांनी बाजूला सरून माईक त्यांच्या उंचीला खाली केला. इतक्या सव्वीस जानेवारी झाल्या, त्या कायम पहिल्या खुर्चीवर बसल्या होत्या, हार घेतला होता, आणि एक शब्द बोलल्या नव्हत्या.

"पाठीवर होती," बेबीताई म्हणाल्या.

त्यांनी घसा साफ केला आणि पुन्हा, आता शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असं, म्हणाल्या, "बंदूक पाठीवर होती, शेखर. अन् तो पालथा होता. अन् जे लागलं ते पाठीत लागलं. तुमी सारे आयकत होते ते खरंच होतं. त्याचे दोन्ही हात कामात होते बाप्पा. बंदूक कायनं धरंन?"

शेखर उभाच राहिला. मग खाली बसला. त्याच्या शेजारचा म्हातारा डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवत होता.

उत्तमराव टाळ्या पडायची वाट पाहत होते, पण कोणी टाळी वाजवली नाही, आणि बेबीताईही खुर्चीकडे वळल्या नाहीत. त्यांनी माईकचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"बसा साऱ्यांनी नीट. पोट्टेहो, तुमी समोर या," त्या म्हणाल्या. "दोरीचं काही पाटलाले जमलं नाही. ते मी सांगतो."